तराजू त्यांचा, मापही त्यांचेच!

कोणत्याही गावच्या मंडईत भाजी तोलून देणाऱ्या बाईचा तराजू शासनाच्या वैधमापन यंत्रणेने पडताळून मुद्रांकित केलेला असावा लागतो. 2009 च्या वैधमापनशास्त्र कायद्याने तसे बंधन घातले आहे. ठराविक मुदतीने निरीक्षक येतो, वजने तपासतो, शिक्का मारतो आणि माप खोटे निघाले तर दंड करतो. पाव किलो वांग्यांच्या व्यवहारालाही त्रयस्थाची साक्ष हवी, हे तत्त्व या समाजाने फार पूर्वी स्वीकारलेले आहे. परंतु त्याच मंडईपासून हाकेच्या अंतरावर बसलेला एखादा तरुण उद्योजक महिन्याकाठी पन्नास-साठ हजार रुपये संगणकावरील जाहिरातींवर खर्च करतो, तेव्हा त्या पैशाच्या बदल्यात त्याला काय मिळाले हे सांगणारा तराजू कोणाचा असतो? ज्याने जाहिरातीची जागा विकली त्याचाच. माप कोणाचे? त्याचेच. तोलणारा कोण? तोच. आणि घेणारा मात्र काट्याकडे न पाहता केवळ हिरव्या अक्षरांतला आकडा पाहून समाधानाने मान डोलावतो.

हा भाबडेपणा आता महाग पडू लागला आहे. त्याची चर्चा व्हायला हवी आणि ती केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

'कन्व्हर्जन' म्हणजे नेमके काय?

जाहिरात पाहून कोणी संकेतस्थळावर आला आणि त्याने अपेक्षित कृती केली, म्हणजे वस्तू विकत घेतली, चौकशीचा अर्ज भरला किंवा दूरध्वनी केला, की त्या कृतीला जाहिरातीच्या परिभाषेत 'कन्व्हर्जन' म्हणतात. गुगलने ऑक्टोबर 2000 मध्ये 'अ‍ॅडवर्ड्स' ही जाहिरातसेवा सुरू केली; 2018 पासून ती 'गुगल अ‍ॅड्स' या नावाने ओळखली जाते. वृत्तपत्रातील जाहिरात किती जणांनी वाचली आणि वाचून किती जण दुकानात आले हे कळत नाही, इथे मात्र प्रत्येक रुपयाचा हिशेब मिळतो, हा या माध्यमाचा सर्वांत मोठा दावा आहे. या दाव्याच्या बळावरच जगभरातील जाहिरातीचा पैसा छापील पानावरून पडद्याकडे वळला.

हा हिशेब कसा लागतो? ग्राहकाने जाहिरातीवर बोट ठेवले, की संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेपटीला एक ओळखक्रमांक जोडला जातो. गुगलच्या बाबतीत त्याला 'जीक्लिड' म्हणतात. संकेतस्थळावरील टॅग, म्हणजे सांकेतिक भाषेतील काही ओळी, तो क्रमांक वाचून ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये कुकीच्या रूपाने ठेवतात. पुढे ग्राहकाने खरेदी पूर्ण केली आणि 'धन्यवाद, आपली मागणी नोंदवली आहे' असे सांगणारे पान उघडले, की तेथील दुसरा टॅग तो क्रमांक उचलून जाहिरात कंपनीकडे निरोप धाडतो : अमुक जाहिरातीतून आलेल्या ग्राहकाने तमुक रुपयांची खरेदी केली. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचा 'पिक्सेल' थोड्याफार फरकाने हेच काम करतो.

या साखळीचे दुवे जाहिरात कंपनीच्या हातात असतात तितकेच व्यापाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळातही असतात. ते तुटले, चुकीच्या जागी जोडले गेले किंवा दोनदा जोडले गेले, तर पडद्यावरील आकडा खोटा ठरतो. आणि तो खोटा आहे हे सांगायला कोणीही येत नाही. तुटलेला टॅग आरडाओरडा करत नाही.

एका मोसमाची किंमत

समजा, रत्नागिरीचा एक आंबा बागायतदार आहे. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दलालाच्या दारात न जाता पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला थेट पेटी विकावी, अशी उमेद धरून त्याने संकेतस्थळ उभारले. एप्रिल महिन्यात साठ हजार रुपये जाहिरातीवर खर्च केले. डॅशबोर्डने 240 कन्व्हर्जन दाखवली. एका मागणीमागे जाहिरातखर्च 250 रुपये. एका पेटीमागे त्याला 600 रुपये सुटतात असे धरले, तर 1 लाख 44 हजारांतून साठ हजार वजा जाता 84 हजारांचा निव्वळ नफा! जाहिरात सांभाळणारा मध्यस्थ पडद्याचे छायाचित्र पाठवतो आणि खाली लिहितो, 'पुढच्या महिन्यात खर्च दुप्पट करू या.'

प्रत्यक्षात त्याच्या वहीत पैसे जमा झालेल्या मागण्या किती? फक्त साठ. कारण टॅग खरेदी पूर्ण झाल्यानंतरच्या पानावर नव्हे, तर 'पैसे भरा' या बटणावर बसवला होता. 240 जणांनी बटण दाबले, त्यांपैकी 180 जण पुढे गेलेच नाहीत. म्हणजे एका खऱ्या मागणीमागे जाहिरातखर्च हजार रुपये. साठ पेट्यांचा 36 हजारांचा नफा आणि साठ हजारांचा खर्च. 84 हजारांचा भास आणि 24 हजारांचा खड्डा! हापूसचा मोसम काही आठवड्यांचाच असतो. मे महिन्यात चूक उमगली तरी गेलेला एप्रिल परत येत नाही.

बाब एवढ्यावर थांबत नाही. आजच्या जाहिरातयंत्रणा आपोआप बोली लावतात. कोणत्या माणसाला जाहिरात दाखवायची आणि तिच्यासाठी किती मोजायचे, हे यंत्र स्वतः ठरवते आणि ते ठरवताना याच कन्व्हर्जनच्या नोंदींवरून शिकते. बटण दाबून परत जाणाऱ्यांनाच जर 'ग्राहक' म्हणून नोंदवले, तर यंत्र निष्ठेने तशीच माणसे शोधून आणत राहते. चुकीचे माप इथे केवळ चुकीचा अहवाल देत नाही. ते पुढची खरेदीही चुकीची करते. रोग्याचा ताप मोजणारे उपकरण बिघडले तर निदान चुकते, पण इथे त्याच बिघडलेल्या उपकरणाला औषधाची मात्रा ठरवण्याचाही अधिकार दिलेला आहे.

उलट बाजूही तितकीच घातक आहे. समजा, कोल्हापुरी चपला करणारा एक कारागीर आहे. त्याचा ग्राहक यूपीआयने पैसे भरतो. त्यासाठी तो पैसे भरण्याच्या अ‍ॅपमध्ये जातो, तिथे व्यवहार पूर्ण होतो आणि समाधानाने तो फोन खिशात ठेवतो. संकेतस्थळाच्या 'धन्यवाद' पानावर तो परततच नाही. पैसे जमा झाले, मागणी आली. पण टॅगला त्याचा पत्ताच नाही. चाळीस मागण्यांपैकी पाचच डॅशबोर्डवर उमटल्या, म्हणून जाहिरात 'फसली' असे समजून तो ती बंद करतो. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या एका कलेचा कारागीर, बाजारात मागणी असूनही, केवळ एका न तपासलेल्या दुव्यामुळे पुन्हा मध्यस्थाच्या दारात जाऊन उभा राहतो. या हानीची नोंद कोणत्या अहवालात होणार?

मोठ्यांनाही ठेच लागली

हे सारे लहान गावातील अडाणीपणाचे दोष आहेत, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. जगातील बलाढ्य कंपन्यांनाही ही ठेच लागलेली आहे.

सप्टेंबर 2016 मध्ये फेसबुकला मान्य करावे लागले, की चित्रफिती सरासरी किती वेळ पाहिल्या जातात याचा आकडा ती कंपनी सुमारे दोन वर्षे फुगवून सांगत होती. जाहिरातदार न्यायालयात गेले आणि 2019 मध्ये चार कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. पुढे 2020 मध्ये, जाहिरातीमुळे विक्री खरोखर किती वाढली हे सांगणाऱ्या फेसबुकच्या साधनातच दोष असल्याचे उघड झाले. तो ऑगस्ट 2019 पासून वर्षभर तसाच राहिला होता. म्हणजे माप तपासण्यासाठी दिलेले मापच सदोष होते!

ईबे या कंपनीची कथा याहून उद्बोधक आहे. 'ईबे' हे नाव टाइप करून शोधणाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती 2012 मध्ये तिने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर प्रयोग म्हणून बंद केल्या. परिणाम काय झाला? जाहिरातीतून येणाऱ्यांपैकी 99.5 टक्के लोक जाहिरातीविनाही, शोधाच्या नैसर्गिक निकालांतून आलेच. टॅग अगदी बिनचूक चालत होता, पण त्याने मोजलेले श्रेय जाहिरातीचे नव्हते. घराकडे निघालेल्या माणसाला दारात हात धरून 'मीच तुम्हाला घरी आणले' असे सांगणाऱ्याला बक्षिसी द्यावी, तसा हा प्रकार. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी हा अभ्यास पुढे 'इकॉनोमेट्रिका' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला. 2017 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत सुमारे दहा कोटी डॉलर्सची डिजिटल जाहिरात कापली आणि विक्रीवर फारसा परिणाम झाला नसल्याचे सांगितले.

या कंपन्यांकडे आकडेशास्त्रज्ञांच्या पलटणी आहेत, वकिलांचे ताफे आहेत. त्यांनी डोळसपणे तपासले, म्हणून त्यांना कळले. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याने किती अधिक सावध असायला हवे?

परीक्षा कोणाची, गुण कोणाचे?

गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात एक 'ऑप्टिमायझेशन स्कोअर' दिसतो. शंभर टक्क्यांपैकी किती, असा. कंपनीच्या शिफारशी स्वीकारल्या की तो वाढतो आणि त्या शिफारशींत खर्चाची मर्यादा वाढवण्याची शिफारसही असते. दुकानदारानेच ग्राहकाला गुण द्यावेत आणि अधिक खरेदी करणाऱ्याला हुशार विद्यार्थी ठरवावे, असा हा न्याय आहे. खेदाची बाब अशी, की अनेक मध्यस्थ संस्था हाच आकडा आपल्या कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र म्हणून भारतीय उद्योजकासमोर नाचवतात.

श्रेयाची दुसरी गंमत पाहा. ग्राहकाने सोमवारी मेटाच्या व्यासपीठावर जाहिरातीवर बोट ठेवले, बुधवारी गुगलवर नाव शोधून पुन्हा जाहिरातीवरून तो आला आणि त्याने खरेदी केली. विक्री एक, पण मेटा ती आपल्या खात्यात मांडते आणि गुगलही. मेटाच्या नेहमीच्या नियमानुसार क्लिकनंतर सात दिवसांपर्यंत आणि जाहिरात नुसती दिसल्यानंतर एका दिवसापर्यंत झालेली विक्री जाहिरातीची मानली जाते. गुगलमध्ये क्लिकनंतर साधारणतः तीस दिवसांपर्यंतची. दोन्ही अहवालांची बेरीज केली, तर दुकानात नसलेला माल विकला गेल्याचे दिसते. यात कोणी नियम मोडत नाही. नियमच तसे आहेत आणि ते विक्रेत्याने ठरवलेले आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. टॅग तपासण्याची साधने याच कंपन्या विनामूल्य देतात. गुगलचे 'टॅग असिस्टंट' आहे, मेटाची चाचणी-नोंदी पाहण्याची सोय आहे. कंपन्यांच्या काही आकड्यांचे बाह्य परीक्षणही होते. पण अमुक व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर टॅग योग्य जागी बसला आहे का, हे पाहणे कोणत्याही बाह्य परीक्षकाच्या कामात मोडत नाही. ते काम मालकाचे आहे. तराजू परका आहे ही तक्रार रास्तच; पण काट्याकडे बघण्याचाही कंटाळा असेल, तर दोष केवळ तराजूवाल्याला कसा देता येईल?

पडताळणीची रीत

ही पडताळणी अवघड आहे, हा समज मुद्दाम जोपासलेला आहे. ज्याला स्वतःच्या दुकानात ग्राहक म्हणून फिरता येते, त्याला ती करता येते.

पहिली पायरी अशी : मालकाने स्वतः एक मागणी नोंदवावी. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर 'जीक्लिड' हे नाव, बरोबरीचे चिन्ह आणि काही चाचणीची अक्षरे इंग्रजी लिपीत जोडून पान उघडावे. पान उघडल्यावर ती अक्षरे पत्त्यातून गळाली का, हे पाहावे. संकेतस्थळ एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर ढकलत असेल तर अनेकदा ती वाटेत गळतात आणि मग कोणती विक्री कोणत्या जाहिरातीची, हे ओळखण्याचा मुख्य धागाच तुटतो.

दुसरी पायरी : 'टॅग असिस्टंट' सुरू ठेवून सर्वांत स्वस्त वस्तू खरेदी करावी, पैसे खरोखर भरावेत. टॅग मुख्य पानावर, वस्तूच्या पानावर किंवा टोपलीत वस्तू टाकताना 'खरेदी' म्हणून पेटता कामा नये. तो पैसे भरल्यानंतर आणि एकदाच पेटला पाहिजे. निरोपासोबत रक्कम खरी गेली का, चलन रुपयाच आहे का, मागणीचा क्रमांक गेला का, हे पाहावे. प्रत्येक विक्रीची किंमत 'एक' अशी ठोकून दिलेली अनेक खाती आढळतात. तिथे पाचशेचा ग्राहक आणि पाच हजारांचा ग्राहक यंत्राला सारखाच दिसतो.

तिसरी पायरी : 'धन्यवाद' पान पुन्हा ताजे करावे. आकडा दुसऱ्यांदा वाढला तर समजावे, की मागणीचा क्रमांक टॅगला दिलेला नाही आणि एकच विक्री अनेकदा मोजली जात आहे. गुगल अ‍ॅनालिटिक्समधून आणलेली 'खरेदी' आणि गुगल अ‍ॅड्सच्या टॅगने मोजलेली 'खरेदी' या दोन्ही एकाच खात्यात मुख्य म्हणून ठेवल्या असतील, तरीही हीच दुप्पट होते. मेटाकडे पिक्सेल आणि सर्व्हर अशा दोन वाटांनी निरोप जात असेल, तर दोन्हींना घटनेचा क्रमांक एकच हवा.

चौथी पायरी : हेच सारे मोबाईलवर, यूपीआयने पैसे भरून, निरनिराळ्या ब्राउझरमधून करावे. अ‍ॅपलच्या सफारीत संकेतस्थळाच्या लिपीने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य 2019 पासून सात दिवसांवर आणले गेले आहे, काही परिस्थितीत तर एका दिवसावर. दहा दिवस विचार करून खरेदी करणारा ग्राहक तिथे सुटू शकतो. यूपीआयचा ग्राहक परतत नसेल, तर पैसे जमा झाल्याची खात्री ज्या सर्व्हरला मिळते, तिथूनच निरोप पाठवण्याची व्यवस्था करावी लागते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी तंत्राची नाहीच. ती वहीची आहे. दर सोमवारी तीन आकडे शेजारी मांडावेत : डॅशबोर्डवरील विक्री, मागणीवहीतील विक्री आणि बँकेत जमा झालेली रक्कम. ते तंतोतंत जुळणार नाहीत. गुगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या अहवालात विक्री ज्या दिवशी झाली त्या दिवशी नव्हे, तर ज्या दिवशी जाहिरातीवर क्लिक झाले त्या दिवसाच्या खात्यात मांडली जाते. घरपोच रोखीच्या मागण्यांतील काही माल दारातून परत येतो. काही ग्राहक जाहिरात पाहून थेट फोन करतात. पण हा फरक का पडतो हे मालकाला सांगता आले पाहिजे आणि तो एकाएकी बदलला तर त्याच आठवड्यात कारण शोधले पाहिजे. संकेतस्थळाचे रूप बदलले, पैसे भरण्याची सेवा बदलली, की पहिल्या पायरीपासून पुन्हा सारे तपासावे. जुनी वाण्याची वही हेच करत होती. रात्री गल्ला आणि खतावणी जुळल्याशिवाय दुकानाची फळी लागत नसे.

आणि ज्याला टॅगच्या पलीकडचे सत्य हवे, त्याने ईबेची रीत वापरावी. दोन सारख्या शहरांपैकी एका शहरात दोन आठवडे जाहिरात बंद ठेवावी, दुसऱ्यात चालू ठेवावी आणि वहीतील विक्रीची तुलना करावी.

'वेळ नाही' ही सबब

यावर ठराविक उत्तर येते : 'आम्ही धंदा करायचा की हे तपासत बसायचे?' प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. पण हाच उद्योजक कच्चा माल घेताना पोते उघडून पाहतो, मुठीत धान्य घेऊन वास घेतो, वजनकाट्यावर स्वतः उभा राहतो. मग जाहिरात हा कच्चा माल नव्हे काय? ज्या खर्चावर मोसमाचे भवितव्य अवलंबून आहे, त्यासाठी आठवड्याला एक तास नसेल, तर तो वेळेचा नव्हे, वृत्तीचा प्रश्न आहे. परदेशी कंपनीच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आकडा दिसला, की तो प्रमाण मानायचा आणि स्वतःच्या वहीतील आकड्यावर शंका घ्यायची, हे मानसिक पारतंत्र्य राजकीय पारतंत्र्य संपून पाऊणशे वर्षे उलटल्यावरही टिकून आहे.

दुसरी सबब अशी, की 'हे सारे एजन्सी पाहते.' कोणाच्या खात्यातून? अनेक उद्योजकांचे जाहिरातखाते मध्यस्थाच्याच नावावर असते. नाते तुटले, की वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच्यासोबत जातात. स्वतःच्या दुकानाची खतावणी दुसऱ्याच्या घरी ठेवणारा व्यापारी आपल्या आजोबांच्या पिढीत शहाणा म्हटला गेला नसता. खाते मालकाच्या नावावर, मध्यस्थाला केवळ काम करण्याची मुभा आणि दरमहा डॅशबोर्ड व बँक यांचा ताळमेळ लेखी : एवढ्या तीन अटी करारात नसतील, तर करारावर स्वाक्षरी करू नये.

ग्राहकाची माहिती हीही ठेवच

टॅग तपासताना आणखी एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे ग्राहकाची कोणती माहिती बाहेर जाते. मोजणी अधिक अचूक व्हावी म्हणून ग्राहकाचा ईमेल व दूरध्वनी क्रमांक सांकेतिक रूपात जाहिरात कंपनीकडे पाठवण्याची सोय आज उपलब्ध आहे. ती चालू आहे हे किती मालकांना ठाऊक असते? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यातील दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपयांची आहे. पण केवळ दंडाच्या भीतीने नव्हे, तर विश्वासाने नाव-पत्ता देणारा ग्राहक दारात आलेल्या पाहुण्यासारखा असतो म्हणून, त्याची ठेव कोणाच्या हाती जाते हे मालकाला माहीत असलेच पाहिजे.

संघटित उत्तर हवे

एकट्याने करण्याच्या या गोष्टी झाल्या. पण प्रश्न सामूहिक आहे आणि त्याचे उत्तरही सामूहिकच हवे. स्वातंत्र्यानंतर लगेचच, 1948 मध्ये, वृत्तपत्रांचा खप किती हे वृत्तपत्रानेच सांगायचे ही रीत अमान्य करून प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' उभी केली. त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर नव्हे, तर तपासलेल्या आकड्यावर जाहिरातीचा दर ठरावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि संस्थेच्या रूपाने तो टिकवला. आजचा जाहिरातदार त्या पिढीहून अधिक शिकलेला आहे, अधिक साधनसंपन्न आहे. मग तो अधिक मुका का?

भारत सरकारने 2016 मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर लावलेला सहा टक्के समकरण कर 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाला. कर असावा की नसावा, यावर मतभेद असू शकतात. मापाचा प्रश्न त्याहून वेगळा आणि अधिक मूलभूत आहे. कर घेतला नाही तरी चालेल; पण तोल तपासलाच पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने, जाहिरातींच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातील काही भागांत गुगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. ज्या देशात या कंपन्या जन्मल्या, तो देश त्यांच्या दाव्यांची न्यायालयात छाननी करतो आणि येथील व्यापारी मात्र त्यांच्या आकड्यांपुढे उदबत्ती लावतो, हे चित्र शोभादायक नाही.

जिल्ह्याजिल्ह्यांतील व्यापारी महासंघांनी आपल्या सभासदांसाठी मराठीतून पडताळणीचे वर्ग घ्यावेत. वाणिज्य महाविद्यालयांनी लेखापरीक्षणाच्या अभ्यासाला जाहिरातखात्याच्या ताळमेळाची जोड द्यावी. शिकलेल्या मुलांना गावातच काम मिळेल आणि गावच्या उद्योगाला प्रामाणिक परीक्षक. जे ज्ञान इंग्रजी अक्षरांच्या आड दडले आहे, ते मराठी वहीच्या चार ओळींत मांडता येते, हे त्यांनी दाखवून द्यावे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात मापांसाठी 'पौतवाध्यक्ष' नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला. वजने लोखंडाची किंवा मगध-मेकल देशांतील दगडाची असावीत, अथवा पाण्याने व लेपाने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशा द्रव्याची असावीत. दर चार महिन्यांनी ती पडताळून मुद्रांकित व्हावीत. आणि पडताळणी न केलेल्या मापाला सव्वासत्तावीस पण दंड व्हावा, एवढ्या बारकाईने त्याने नियम घातले. ज्या राज्यात माप खोटे, तिथे व्यापार खोटा आणि ज्या राज्यात व्यापार खोटा, तिथे कष्ट करणारा नागवला जातो, हे त्या दूरदृष्टीमागचे शहाणपण होते.

आजची वजने दगडाची नाहीत. ती एका क्लिकने वाढतात आणि एका कुकीने घटतात. म्हणूनच ती पडताळण्याची गरज चार महिन्यांवरून चार दिवसांवर आली आहे. तराजू परका असेल. पण त्याच्या काट्यावर नजर ठेवण्यापासून कोणत्याही कंपनीने कोणालाही रोखलेले नाही. येत्या सोमवारी डॅशबोर्ड, वही आणि बँक यांचे तीन आकडे शेजारी मांडणारा प्रत्येक उद्योजक आपल्या दुकानाचा स्वतःच पौतवाध्यक्ष ठरेल. स्वावलंबनाची सुरुवात तेवढ्या एका तासापासून होते.